बोलींतून सांगितलेले युद्ध : ‘तुन्तेमातोन सोतिलास’ (१९५५) ह्या फिन्निश चित्रपटाचा भाषिक-ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

२३ डिसेंबर १९५५ रोजी फिनलंडमध्ये ‘तुन्तेमातोन सोतिलास’, म्हणजे ‘अज्ञात सैनिक’, हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या सुमारे ४२ लाख होती. आणि चित्रपटगृहांतून हा चित्रपट पाहणाऱ्यांची संख्या २८ लाखांच्या घरात जाते. काहींनी तो एकाहून अधिक वेळा पाहिला असेल हे गृहीत धरले तरी राष्ट्राचा फार मोठा भाग ह्या एका चित्रपटासमोर येऊन बसला, हे मान्य करावे लागते. चित्रपट कृष्णधवल, तीन तास लांबीचा. त्यात विजय नाही, प्रेमकथा नाही, रूढ अर्थाने नायकही नाही. हरलेल्या युद्धात एका मशीनगन तुकडीचे काय झाले, एवढीच त्याची कथा आहे.

ह्या लोकप्रियतेची कारणे सांगताना सामान्यतः दोन गोष्टींचा उल्लेख होतो : युद्धातून परतलेल्या पिढीला आपला अनुभव पडद्यावर पाहावयास मिळाला, आणि पराभवानंतरच्या दशकातील मौन सुटले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मौन सुटले म्हणजे कोणीतरी बोलले, आणि बोलणारा कोणत्या तरी भाषेत बोलतो. ती भाषा कोणती, हा प्रश्न मात्र इतिहासकार सहसा विचारीत नाहीत आणि भाषाभ्यासक तो विचारून बोलींच्या खुणांची यादी करून थांबतात. प्रस्तुत लेखात ह्या दोन बाजू एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, ह्या कृतीत बोलींचा वापर वास्तवाचा रंग भरण्यासाठी झालेला नसून युद्धाची साक्ष देण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. कादंबरीने ते उत्तर कागदावर दिले. चित्रपटाने ते देशाला ऐकविले.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या वर्षी तो रशियाच्या सम्राटाच्या अधिपत्याखालील स्वायत्त महासंस्थान बनला आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला. लगेच १९१८ मध्ये तेथे यादवी युद्ध झाले. ‘पांढरे’ आणि ‘तांबडे’ असे समाजाचे दोन तुकडे पडले व ती जखम पुढील दोन दशके भरली नाही. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट संघाने फिनलंडवर आक्रमण केले. १३ मार्च १९४० रोजी संपलेले हे ‘हिवाळी युद्ध’. त्याच्या तहानुसार कारेलियाच्या संयोगभूमीसह देशाच्या सुमारे एकदशांश प्रदेशावर फिनलंडला पाणी सोडावे लागले आणि चार लाखांहून अधिक लोक घरे सोडून उरलेल्या देशात आले.

जून १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने फिनलंड पुन्हा युद्धात उतरला. फिन्निश इतिहासात ह्याला ‘पुढील युद्ध’ म्हणतात. ते आधीच्या युद्धाचाच उत्तरार्ध होय, असा ह्या नावातील दावा. गमावलेला प्रदेश परत मिळाला. पण सैन्य तेथे थांबले नाही. जुनी सीमा ओलांडून ते पूर्व कारेलियात शिरले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी त्याने पेट्रोझावोदस्क शहर घेतले. त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ खंदकांतील बैठे युद्ध चालले. जून १९४४ मध्ये सोव्हिएट सैन्याने मोठी चढाई केली, माघार सुरू झाली आणि सप्टेंबरात युद्धविराम झाला. संयोगभूमी दुसऱ्यांदा आणि कायमची गेली. हिवाळी युद्धासह दोन्ही युद्धांतील फिन्निश सैनिकांची प्राणहानी सुमारे ९० हजार होती.

पराभवानंतर मित्रराष्ट्रांचे नियंत्रण मंडळ १९४७ पर्यंत हेलसिंकीत होते. युद्धकाळातील नेत्यांवर खटले झाले आणि १९४८ मध्ये सोव्हिएट संघाशी मैत्रीचा करार झाला. अशा परिस्थितीत युद्धाविषयी जाहीरपणे बोलणे अवघड होते. मागील पिढीची वीररसात्मक भाषा आता बोलता येत नव्हती, आणि दुसरी भाषा अजून घडली नव्हती.

३. लेखक व कादंबरी

ती भाषा घडविणारा वॅइनो लिन्ना हा विद्यापीठातून आलेला लेखक नव्हता. त्याचा जन्म २० डिसेंबर १९२० रोजी हॅमे प्रांतातील उर्याला येथे झाला. वडील खाटीक होते व लिन्ना लहान असतानाच ते वारले. १९३८ मध्ये तो ताम्पेरे ह्या औद्योगिक शहरात आला व फिनलेसनच्या कापडगिरणीत कामाला लागला. युद्धात तो ८ व्या पायदळ रेजिमेंटच्या मशीनगन कंपनीत होता. परतल्यावर पुन्हा गिरणी, आणि रात्री लेखन. १९४७ व १९४८ मधील त्याच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तिसऱ्या कादंबरीच्या हस्तलिखिताला त्याने ‘सोतारोमानी’, म्हणजे ‘युद्धकादंबरी’, एवढेच साधे नाव दिले होते. काही मजकूर गाळून ती डिसेंबर १९५४ मध्ये ‘तुन्तेमातोन सोतिलास’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली आणि वर्षभरात तिच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या. न गाळलेले मूळ हस्तलिखित २००० मध्ये प्रकाशित झाले. गाळलेल्या भागांत अधिकाऱ्यांवरील कठोर टीका, शिव्या आणि युद्धाविषयीचे निवेदकाचे चिंतन होते, हे त्यावरून कळले.

प्रकाशनानंतर काही दिवसांतच ‘हेल्सिंगिन सानोमात’ ह्या प्रमुख दैनिकात तोइनी हावू ह्या समीक्षिकेने कादंबरीवर कठोर परीक्षण लिहिले. लेखकाने आपल्या पात्रांना इतिहासाच्या व नीतीच्या विशाल संदर्भात उभे केलेले नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. हा आक्षेप नीट पाहिला तर तो उंचीविषयीचा आहे. युद्ध हे वरून, नकाशावरून पाहावयाचे, की खंदकातून? आणि जो खंदकातून पाहतो, त्याच्या शब्दांत राष्ट्राचा इतिहास मांडता येतो काय? वाद ह्या मुद्द्यावर होता.

हा वाद फिन्निश साहित्यात नवा नव्हता. १८७० मध्ये आलेक्सिस किवीची ‘सेइत्सेमन वेल्येस्तॅ’ (सात भाऊ) ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा फिन्निश भाषेचा प्राध्यापक आउगुस्त आल्क्विस्त ह्याने तिच्यावर प्रखर हल्ला चढविला. फिन्निश जनतेचे असे ओबडधोबड चित्र त्याला खपले नाही. गंमत अशी की, फिन्निश भाषेच्या ह्या कैवाऱ्याचे ते परीक्षण स्वीडिश भाषेतील वृत्तपत्रात आले होते. किवी १८७२ च्या अखेरच्या दिवशी वारला. त्याची कादंबरी आज फिन्निश गद्याचा पाया मानली जाते. लिन्नाच्या बाबतीत न्याय मिळण्यास इतका वेळ लागला नाही, ह्याचे बरेचसे श्रेय चित्रपटाला द्यावे लागेल.

४. प्रमाणभाषा आणि बोली

फिन्निश प्रमाणभाषेचा इतिहास थोडा विलक्षण आहे, आणि तो जाणल्याशिवाय ह्या चित्रपटातील संवादांचे मर्म कळत नाही. मिकाएल आग्रिकोला ह्या धर्मसुधारकाने सोळाव्या शतकात प्रथम फिन्निश ग्रंथरचना केली. त्याचा ‘नवा करार’ १५४८ चा. ह्या लिखित भाषेचा पाया पश्चिमेकडील, मुख्यतः तुर्कू परिसरातील, बोलींचा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडील बोलींनीही हक्क सांगितला. १८३५ मध्ये प्रथम व १८४९ मध्ये विस्तृत स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘कालेवाला’ ह्या महाकाव्याने त्या बोलींची प्रतिष्ठा वाढविली. ‘बोलींचा झगडा’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या वादाची परिणती तडजोडीत झाली : सांगाडा पश्चिमेचा, शब्दसंपत्तीत भर पूर्वेची. शासनव्यवहारात फिन्निशला स्थान देणारा हुकूम १८६३ मध्ये निघाला. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ वरच्या वर्गाची भाषा स्वीडिशच होती.

ह्याचा अर्थ असा की, फिन्निश प्रमाणभाषा ही कोणत्याही एका प्रदेशाची घरची बोली नाही. तिचा एक ध्वनी ह्या दृष्टीने फार बोलका आहे. ‘आमचा’ ह्या अर्थाचा प्रमाण शब्द ‘मेइदॅन’ असा आहे. त्यातील ‘द’च्या जागी आग्रिकोलाच्या काळी एक घर्षक ध्वनी होता. पुढे जवळजवळ सर्व बोलींतून तो नाहीसा झाला. पश्चिमेकडे त्याच्या जागी ‘र’ किंवा ‘ल’ आला. पूर्वेकडे तो लोप पावला किंवा त्या जागी ‘य’ उरला. म्हणून हॅमेचा शेतकरी ‘मेइरॅन’ म्हणतो आणि कारेलियाचा ‘मेइयॅन’. लेखनात मात्र ‘द’ हे अक्षर राहिले, आणि स्वीडिश वाचनाच्या सवयीने सुशिक्षित लोक त्याचा उच्चार ‘द’ असाच करू लागले. म्हणजे आजचा प्रमाण ‘द’ हा आईच्या तोंडून नव्हे, तर पुस्तकातून शिकलेला ध्वनी आहे. ज्याच्या बोलण्यात तो सहज येतो तो शाळेत पुरेसा काळ बसलेला आहे, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते.

फिन्निश बोलींचे पश्चिम व पूर्व असे दोन मोठे गट करतात व त्यांचे पुन्हा सात-आठ पोटगट पाडतात. उत्तम पुरुषवाचक सर्वनाम ही दुसरी ठळक खूण. प्रमाण ‘मिनॅ’ (मी), पश्चिमेकडे दीर्घ स्वराचे ‘मॅ’, आग्नेयेकडे ‘मिए’. ह्या दोन-तीन खुणा ध्यानात ठेवल्या तरी पुढील विवेचन समजण्यास पुरेशा आहेत.

५. तुकडीतील आवाज

कादंबरीतील निवेदन प्रमाण फिन्निशमध्ये आहे. संवाद मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत आहेत. शांत, मितभाषी कोस्केला हॅमेचा. उमदा हिएतानेन नैऋत्येचा. शब्दांच्या शेवटचे स्वर गिळून टाकणारी त्याची बोली इतर प्रदेशांतील लोकांना तुटक व गमतीदार वाटते. कमी बोलणारा, चिवट मॅत्तॅ ईशान्येकडील काइनूचा. कोठूनही वस्तू मिळवून त्यांचा व्यापार करणारा, गोडबोल्या राहिकाइनेन उत्तर कारेलियाचा. आणि कारेलियाच्या संयोगभूमीचा शेतकरी आन्तेरो रोक्का, हिवाळी युद्धात लढून आलेला, आपल्या सुसी ह्या मित्रासह मागाहून तुकडीत दाखल होतो.

येथे एक ऐतिहासिक मुद्दा नोंदविला पाहिजे. १९३४ पासून फिन्निश सैन्याची युद्धकालीन जमवाजमव प्रादेशिक तत्त्वावर होत असे. एका भागातील माणसे बहुधा एकाच रेजिमेंटमध्ये जात. त्यामुळे इतक्या भिन्न बोली बोलणारी माणसे एका लहानशा तुकडीत एकत्र येणे हा नियम नव्हता. कादंबरीतील तुकडीचा गाभा शांतताकाळच्या सक्तीच्या सेवेत भरती झालेल्या तरुणांचा आहे आणि रोक्कासारखे राखीव सैनिक नंतर भरीला आले आहेत. त्यामुळे ही रचना अशक्य ठरत नाही. तरीही ती लेखकाने योजलेली आहे हे उघड आहे. जो वाचक ह्या बोलीवैविध्याकडे केवळ वास्तवाची नक्कल म्हणून पाहतो त्याच्या हातून येथेच चूक होते. देशाचे सर्व कोपरे एका खंदकात आणून बसविणे हे नोंदीचे काम नसून लेखकाचे विधान आहे. १९१८ मध्ये फुटलेला समाज १९४१ मध्ये कशाने एकत्र राहिला, ह्याचे उत्तर लिन्नाने घोषणांतून न देता ह्या सहवासातून दिले आहे. साम्यवादाकडे झुकलेला लाहतिनेन ह्याच तुकडीत आहे. तो युद्धाच्या हेतूंवर सतत शंका घेतो, आणि आपली मशीनगन सोडीत नाही.

ह्याच्या उलट लाम्मिओ हा अधिकारी काटेकोर प्रमाणभाषा बोलतो. त्याच्या तोंडी ‘द’ कधी चुकत नाही. तरुण कारिलुओतो प्रारंभी पुस्तकी देशभक्तीने भारलेला आहे. मरणाचे भय, लाज आणि कोस्केलाचा सहवास ह्यांनी तो बदलत जातो. रूनेबर्गच्या काव्यातून आलेली सैनिकाची प्रतिमा अशा तरुणांच्या मनावर शाळेत ठसलेली होती. योहान लुडविग रूनेबर्ग ह्याने १८०८-०९ च्या युद्धावर १८४८ व १८६० मध्ये दोन भागांत स्वीडिश भाषेत लिहिलेल्या कवितांत फिन्निश सैनिक गरीब, आज्ञाधारक आणि मूकपणे उदात्त आहे. लिन्नाचा सैनिक गरीब आहे, प्रसंगी उदात्तही आहे. पण तो मूक नाही. तो कुरकुरतो, थट्टा करतो, हुज्जत घालतो आणि मग काम पार पाडतो.

बोली हेच येथे प्रतिकाराचे एकमेव साधन आहे असेही नाही. वान्हाला हा सतत हसणारा सैनिक रेडिओ व वृत्तपत्रांतील प्रचाराचे शब्द जसेच्या तसे उचलतो आणि भलत्या प्रसंगी उच्चारतो. शब्द तेच राहतात, प्रसंग बदलतो, आणि त्यांतील पोकळपणा उघडा पडतो. होंकायोकी हा धनुष्य घेऊन हिंडणारा, अखंड चालणारे यंत्र शोधण्याच्या गोष्टी करणारा विक्षिप्त गृहस्थ तर अतिशय डौलदार, कार्यालयीन थाटाचे फिन्निश बोलतो. लाम्मिओला उत्तर देताना तो प्रमाणभाषा इतकी निर्दोषपणे वापरतो की तिचीच थट्टा होते आणि शिक्षा करण्यास मात्र जागा सापडत नाही. सत्तेच्या भाषेला उत्तर देण्याच्या तीन रीती येथे आढळतात : आपली बोली न सोडणे, सत्तेचे शब्द तिलाच परत करणे, आणि सत्तेपेक्षाही शुद्ध बोलणे.

६. संबोधनाचा प्रश्न

मराठी वाचकास ह्या कृतीतील संघर्षाचे एक अंग विशेष लवकर कळेल. फिन्निशमध्ये आपल्या ‘तू’ व ‘तुम्ही’ प्रमाणे ‘सिनॅ’ आणि ‘ते’ अशी दोन संबोधने आहेत. सैन्यात वरिष्ठाला ‘ते’ म्हणावयाचे, शिवाय हुद्द्यापूर्वी ‘श्री’ ह्या अर्थाचा आदरार्थी शब्द लावावयाचा, असा दंडक होता. रोक्का हा दंडक पाळीत नाही. आपल्या आग्नेय बोलीतील ‘सिए’ तो सैनिकापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना सारखेच वापरतो. त्याच्या आवाजात उर्मटपणा नसतो. गावच्या माणसाने गावच्या माणसाशी बोलावे तसे तो बोलतो. ह्यामुळेच लाम्मिओची पंचाईत होते. उर्मटपणाला शिक्षा देता येते. समानतेच्या सहज गृहीताला काय शिक्षा द्यावयाची?

बैठ्या युद्धाच्या काळात खंदकाजवळच्या वाटांच्या कडेने शोभेसाठी दगड मांडण्याचा हुकूम होतो आणि रोक्का तो साफ नाकारतो, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. आपण येथे लढावयास आलो, ते आपल्या घरासाठी व मुलाबाळांसाठी. दगड मांडण्यासाठी नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. रोक्का उत्तम सैनिक आहे. एकट्याने शत्रूची तुकडी थोपविणारा, शत्रूच्या अधिकाऱ्याला जिवंत पकडून आणणारा. म्हणूनच त्याच्या ‘सिए’ला वजन येते. आज्ञापालन आणि कर्तव्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा ह्या कृतीचा सर्वांत गंभीर विचार एका सर्वनामातून व्यक्त झाला आहे.

७. कागदावरून पडद्यावर

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या वर्षभरात ‘सुओमेन फिल्मितेओल्लिसूस’ ह्या संस्थेने तिचा चित्रपट केला. निर्माता टी. जे. सॅर्क्कॅ, पटकथा युहा नेवालाइनेन ह्याची, दिग्दर्शक एडविन लाइने. लाइने (१९०५-१९८९) हा मूळचा रंगभूमीचा माणूस. रोक्काची भूमिका रेइनो तोल्वानेन ह्याने, कोस्केलाची कोस्ती क्लेमेलॅ ह्याने, हिएतानेनची हेइक्की सावोलाइनेन ह्याने, लाम्मिओची युस्सी युर्क्का ह्याने आणि होंकायोकीची तार्मो मान्नी ह्याने केली. लढाईच्या दृश्यांत युद्धकाळी प्रत्यक्ष चित्रित झालेल्या वार्तापटांतील भाग जोडला आहे. त्यामुळे नटांचे चेहरे आणि खऱ्या सैनिकांच्या आकृती एकामागून एक येत राहतात.

भाषेच्या दृष्टीने ह्या रूपांतरात काय घडले? लिखित बोली ही नेहमी अपुरी असते. लेखक ‘मेइदॅन’ऐवजी ‘मेइयॅन’ लिहू शकतो. पण कारेलियन बोलण्यातील चढउतार, त्याची गती, शब्दांवरील झोके हे अक्षरांत मावत नाहीत. वाचकाला ती बोली आधी माहीत असेल तरच तो ते मनात ऐकतो. बोलपटात ही उणीव भरून निघते. दुसरे असे की, तोपर्यंतच्या फिन्निश चित्रपटांत बोलीचे स्थान बहुधा विनोदी होते. १९५१ पासून लोकप्रिय झालेल्या गाणीबजावणीच्या हलक्याफुलक्या चित्रपटांत खेडवळ उच्चार हे हसविण्याचे साधन असे. लाइनेच्या चित्रपटातही प्रेक्षक हसतात; परंतु ज्या तोंडाने हसविले त्याच तोंडाने पुढे मृत्यूला सामोरे जाताना उच्चारलेले शब्द त्यांना ऐकावे लागतात. अंध झालेल्या हिएतानेनचा शेवट पाहताना कोणालाही त्याच्या गिळलेल्या स्वरांचे हसू येत नाही. बोली गंभीर होऊ शकते, हे सिद्ध करण्यास एवढे पुरेसे आहे.

ह्या लाभाची किंमतही द्यावी लागली. कादंबरीत निवेदकाचा कोरडा, कधी उपरोधिक आवाज पात्रांच्या बोलण्याला तोलून धरतो. चित्रपटात तो आवाज नाही. त्याच्या जागी शेवटी सिबेलिउसच्या ‘फिनलंडिया’चे सूर येतात. हे संगीत आधीपासूनच राष्ट्रीय भावनेचे प्रतीक होते. ज्या उदात्त भाषेला कादंबरीने दूर ठेवले होते, ती संगीताच्या वाटेने परत आली, असे म्हणता येईल. ह्याने चित्रपट खोटा ठरत नाही. पण कादंबरी जेथे प्रश्न विचारून थांबते तेथे चित्रपट सांत्वन करतो, हा फरक दृष्टिआड करू नये.

परदेशी प्रेक्षकाला तर ह्यातील बरेचसे हरवूनच मिळते. १९५६ च्या बर्लिन महोत्सवात चित्रपट गेला. पण उपशीर्षकांत ‘मिए’ आणि ‘मॅ’ दोन्हींचे एकच सर्वनाम होते. कादंबरीचा स्वीडिश अनुवाद निल्स-ब्यॉर्ये स्टोर्मबोम ह्याने १९५५ मध्येच केला. १९५७ च्या इंग्रजी अनुवादात मूळ मजकुराशी बरीच मोकळीक घेतली होती; अधिक काळजीपूर्वक केलेला लीझल यामागुची ह्यांचा अनुवाद २०१५ मध्ये आला. बोलींचे भाषांतर करावयाचे कसे, हा प्रश्न मात्र कोणत्याच अनुवादाने पूर्णपणे सुटलेला नाही, आणि तो सुटण्यासारखाही नाही.

८. भूमी गेलेली बोली

आता रोक्काच्या बोलीकडे पुन्हा वळावयास हवे. कारण ह्या चित्रपटाचे ऐतिहासिक मोल मला सर्वांत अधिक तेथे जाणवते.

लाउरी केत्तुनेन ह्याचा फिन्निश बोलींचा नकाशासंग्रह १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो पायाभूत ग्रंथ आहे. पण वर्ष पाहावे. ज्या वर्षी हे नकाशे छापून बाहेर आले त्याच वर्षाच्या मार्चमध्ये त्यांतील आग्नेय कोपरा देशाच्या नकाशातून गेला. १९४१ नंतर सुमारे २ लाख ८० हजार लोक आपल्या गावी परतले; १९४४ मध्ये त्यांना पुन्हा निघावे लागले. १९४५ च्या जमीनवाटपाच्या कायद्यान्वये ही कुटुंबे उरलेल्या फिनलंडच्या निरनिराळ्या भागांत वसविली गेली. संयोगभूमीवर सोव्हिएट संघाच्या इतर भागांतील लोक आले. अशा रीतीने एका बोलीखालची भूमीच निघून गेली. बोलणारे होते, पण ते हॅमेत, सावोत, पश्चिम किनाऱ्यावर विखुरलेले. त्यांची मुले शाळेत ‘मिए’ म्हणाली की वर्ग हसे.

रोक्का हे पात्र ज्यावरून सुचले तो विल्याम प्युल्कॅस हा लिन्नाच्याच रेजिमेंटमधील सैनिक संयोगभूमीवरील साक्कोलाचा होता. रोक्का युद्धात का उतरला आहे? त्याची शेती तेथे आहे. १९४१ मध्ये ती परत मिळविण्यासाठी तो लढतो आणि १९४४ मध्ये ती पुन्हा जाताना पाहतो. इतर सैनिक युद्ध हरतात. रोक्का गाव हरतो. पण त्याची बोली पात्राबरोबर संपत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये देशभरच्या चित्रपटगृहांत ती मोठ्याने ऐकू आली, आणि ती बोलणारा माणूस दया करण्याजोगा निर्वासित नव्हता. तुकडीतील सर्वांत हुशार, निर्भय आणि स्वतंत्र बुद्धीचा सैनिक होता. विखुरलेल्या चार लाखांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय झाला असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

फिन्निश बोलींच्या पद्धतशीर ध्वनिमुद्रणासाठी स्वतंत्र संग्रह १९५९ मध्ये स्थापन झाला. पेर्त्ती विर्तारान्ता ह्या संशोधकाचा त्यात पुढाकार होता. विद्येने ध्वनियंत्र घेऊन गावोगाव जाण्यापूर्वी चार वर्षे एका चित्रपटाने देशाला स्वतःचे आवाज ऐकविले होते, हा कालक्रम आपल्यासारख्या भाषाभ्यासकांना अंतर्मुख करणारा आहे.

९. मर्यादा

ह्या कृतीची थोरवी मान्य करतानाच तिच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा पद्धतीची. चित्रपटातील बोली हा बोलीविज्ञानाचा पुरावा नव्हे. लिन्नाने निवडक खुणा घेतल्या, नटांनी त्या आपापल्या कुवतीप्रमाणे उच्चारल्या. विद्यार्थ्याने १९५५ च्या आग्नेय बोलीचा नमुना म्हणून रोक्काचे संवाद वापरू नयेत. त्या बोलीविषयी समाजाच्या मनात असलेल्या प्रतिमेचा नमुना म्हणून अवश्य वापरावेत.

दुसरी मर्यादा, सर्वच आवाज येथे नाहीत. फिनलंडच्या स्वीडिशभाषकांनी हे युद्ध मुख्यतः आपल्या स्वतंत्र तुकड्यांतून लढले. त्यांची भाषा ह्या खंदकात नाही. सामी लोकांचा आवाज नाही. स्त्रियांचे स्थान तर अगदी तोकडे आहे. ‘लोत्ता’ संघटनेच्या स्त्रीसेविकांचे जे एक ठळक चित्र कादंबरीत आहे ते अनुदार असून अनेक माजी सेविकांना त्याचे दुःख झाले. पूर्व कारेलियातील लोक, ज्यांच्या प्रदेशात हे सैन्य आक्रमक म्हणून शिरले, ते क्वचित डोकावतात. साक्ष देण्याचा अधिकार खालच्या माणसाला मिळाला हे खरे. पण तोही सर्व खालच्यांना नव्हे.

तिसरी गोष्ट मर्यादेपेक्षा नियती म्हणावी अशी आहे. अधिकृत भाषेविरुद्ध उभी राहिलेली ही कृती कालांतराने स्वतःच अधिकृत झाली. लाइनेनेच ताम्पेरे येथील प्युनिक्कीच्या फिरत्या प्रेक्षागाराच्या उन्हाळी रंगभूमीवर १९६१ ते १९६९ ह्या काळात तिचे नाट्यप्रयोग केले. राउनी मोल्लबेर्ग ह्याने १९८५ मध्ये आणि आकू लोउहिमिएस ह्याने २०१७ मध्ये पुन्हा चित्रपट काढले. त्यांतील दुसरा स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वर्षी आला व त्याने दहा लाखांहून अधिक प्रेक्षक मिळविले. तरीही लाइनेचा चित्रपट मागे पडला नाही. २००० पासून स्वातंत्र्यदिनी, ६ डिसेंबरला, तो दूरचित्रवाणीवर दाखविण्याची प्रथा पडली. रोक्काची वाक्ये आज ज्यांच्या तोंडी आहेत त्यांतील बहुतेकांनी संयोगभूमीची बोली दुसऱ्या कोणाकडून कधी ऐकलेलीही नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साहित्यकृतीतील बोलीचा विचार करताना खुणा मोजण्यापूर्वी ती बोली कोणासमोर, कोणत्या अधिकाराने उच्चारली गेली, हे पाहिले पाहिजे. लाम्मिओच्या ‘द’ला अर्थ येतो तो रोक्काच्या ‘य’मुळे, एकट्या ध्वनीला इतिहास नसतो, त्याच्या शेजाराला असतो. दुसरा निष्कर्ष असा की, पराभवानंतर राष्ट्राला आपली कथा सांगावयाची असते तेव्हा कथेइतकाच सांगणाऱ्याच्या आवाजाचाही प्रश्न उभा राहतो. फिनलंडने तो गिरणीकामगाराच्या कादंबरीतून आणि रंगभूमीवरील माणसाच्या चित्रपटातून सोडविला. तेथील विद्वानांना त्याचे महत्त्व प्रारंभी नीट दिसले नाही. चित्रपटगृहाबाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्यांना दिसले.

कारेलियाच्या संयोगभूमीवर आज फिन्निश गावे नाहीत. केत्तुनेनच्या नकाशांत तो कोपरा अजून खुणांनी भरलेला आहे. ध्वनिसंग्रहांत वृद्धांचे आवाज जपलेले आहेत. आणि दर डिसेंबरला, घराघरांत, एक शेतकरी आपल्या वरिष्ठाला ‘सिए’ म्हणतो. त्याचा अर्थ काय, हे त्या देशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.